एकुलता एक वाचक

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्येच लिफ्ट थांबली. आता लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्याच ऑफिसात असं व्हावं म्हणजे शोभाच की! आत दोघंच होती. एक साहेब आणि दुसरी कंपनीचा ब्लॉग लिहिणारी. साहेबांच्या हातात तो ब्लॉग बंद करण्याचा कागद होता आणि सातव्या मजल्यावर त्यावर सही व्हायची होती.

तीन वर्षं ती दर सोमवारी लिहीत होती. मोटारी आणि दोरखंडांबद्दल नाही, लिफ्टमधल्या माणसांबद्दल. अनोळखी माणसं एकमेकांकडे न बघता मजल्यांच्या आकड्यांकडेच का बघतात, आरशात कोण कसं हळूच केस सारखे करतं. अगदी जीव ओतून लिहायची. उद्यापासून तिला दरपत्रकं तपासायला बसायचं होतं, आणि त्या विचारानंच तिला रडू येत होतं.

"वाचक किती, तर एक!" साहेब मघाशीच म्हणाले होते. "तोही एकाच कॉम्प्युटरवरून रोज तेच तेच लेख चार-चार वेळा उघडतो. तुमचे मिस्टर असणार, दुसरं कोण?"

तिलाही तसंच वाटायचं. म्हणून तिनं सकाळी नवऱ्याला विचारलं, तर तो डोकं खाजवत म्हणाला, "अगं, मी एकही नाही वाचलेला. रागावू नकोस हं."

साहेबांनी सातचं बटण दाबलं. परत दाबलं. मग सगळीच दाबली. त्यांना दरदरून घाम फुटला. तिनं धोक्याचं लाल बटण दाबलं, तसा जाळीतून तक्रार केंद्रातल्या बाईंचा आवाज आला.

"घाबरू नका. हवा भरपूर आहे आत. मेकॅनिक निघालाय, पंधरा मिनिटांत पोचेल. तोवर काहीतरी वाचून दाखवू? अडकलेल्या सगळ्यांनाच दाखवते मी. तेवढाच जीव रमतो."

"वाचा हो, काहीही वाचा!" साहेब भिंतीला टेकत म्हणाले.

"'उजळलेलं बटण माणूस पुन्हा पुन्हा का दाबतो?'" बाईंनी सुरुवात केली. "'आपलं म्हणणं लिफ्टला ऐकूच गेलं नाही, असं त्याला वाटतं. घरात हाका मारून मारून लागलेली सवय, दुसरं काय!'"

साहेबांचं बोट अजून बटणावरच होतं. ते त्यांनी हळूच मागे घेतलं आणि खुदकन हसले. तिच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं.

"हे तुमचं?" साहेबांनी विचारलं. तिनं मान डोलावली.

"बाई, असं कितीजणांना वाचून दाखवलंत आजवर?" साहेबांनी जाळीकडे वळून विचारलं.

"मोजलंय कुणी? रोज चार-पाच तरी अडकतातच की आपल्या कंपनीच्या लिफ्टांमध्ये."

साहेबांनी हातातला कागद खाली अंथरला आणि त्यावर चक्क मांडी घालून बसले. बाई पुढे वाचत राहिल्या. एक लेख झाला, दुसरा झाला, तिसरा अर्ध्यावर आला आणि बाहेरून दार ठोठावलं गेलं.

"कोण आहे आत? उघडतो हं दार!"

"थांब रे दोन मिनिटं!" साहेब ओरडले. "लेख संपू दे."