जिजाचा माल

जिजानं आठवड्यातला तिसरा सायलेन्सर काट्यावर ठेवला आणि कवडूच्या मनात पाल चुकचुकली.

"हा कोनाच्या गाडीचा?"

"मोडलेल्या गाडीचा हाय, भाऊ."

"तुले कुठं भेटते?"

"पडून राह्यते. मी उचलते."

तिची नजर काट्यावरून हलली नाही. सायकलला बांधलेल्या पोत्यातून तिनं दोन ब्रेक ड्रम, कुलरची जाळी आणि पाण्याच्या पितळी गुंडाचं चेपलेलं बूड काढलं.

आंजीसारख्या गावात भंगाराचं दुकान चालवणं म्हणजे रोज विस्तवाशी खेळ. गेल्या वर्षी कवडूनं विहिरीवरची एक मोटार भोळेपणानं विकत घेतली, ती चोरीची निघाली आणि दुकानाला महिनाभर कुलूप लागलं. "पुन्हा चोरीचा माल सापडला तं हे कुलूप निघनार नाई," असं हवालदार अनुपनं तेव्हाच बजावलं होतं. कवडूला दुसरं काही येत नव्हतं. दुकान गेलं तर तो संपलाच.

तेव्हापासून त्याला सख्ख्या भावाचाही भरवसा उरला नव्हता. फाटकावर कॅमेरा आला. आधार कार्डाची झेरॉक्स घेतल्याशिवाय तो खिळाही तोलत नसे. मालाकडे मात्र तो फारसा बघायचा नाही. एक सायलेन्सर दुसऱ्यासारखाच. चोर ओळखायचा तर आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं, असं त्याचं म्हणणं. तोललेला माल मागच्या ढिगावर फेकायचा आणि भाव चढेपर्यंत विसरायचा, ही त्याची रीत.

जिजाच्या तोंडावरची तर रेषही हलत नव्हती.

"मालकाले माहीत हाय का, तू उचलून राह्यली ते?"

"त्यानं सारं पाह्यलं हाय."

"मंग काही म्हनत नाई?"

"त्याले काही फरक नाई पडत. पैसे दे भाऊ, मले दळन आनाचं हाय."

कवडूनं पैसे दिले, पण दुपारी जेवतानाही तो तेच घोकत राहिला.

"इतका संशय असन तं घेऊच नका तिचा माल," त्याची बायको शोभाबाई म्हणाली.

"अन् मी नाई घेतला म्हनून चोर साव होते का?"

त्यानं अनुपला फोन लावला. अनुपनं दोन दिवस आजूबाजूच्या ठाण्यांत विचारपूस केली आणि उलट फोन केला.

"कुठंच तक्रार नाई, कवडूभाऊ. काऊन डोकं खराब करून राह्यला?"

हे ऐकून तर कवडू आणखीच धास्तावला. चोरी होते आणि ज्याची होते त्याला पत्ताच नाही, असा कोण बावळट असेल? आज ना उद्या तो जागा होणार, तक्रार देणार आणि माल निघणार कवडूच्या दुकानात.

"असं कर," अनुप म्हणाला, "तिले बोलू नको. माल घेत राह्य. तिची उचलाची जागा सापडली का मले फोन करजो."

मंगळवारी जिजा पैसे कनवटीला लावून रिकामं पोतं घेऊन सायकल ढकलत निघाली, तसा कवडूनं फाटक ओढलं आणि तिच्या मागे लागला.

ती डांबरी रस्त्यानं बरीच पुढे गेली, तुरीच्या वावरातून वळली, बांधाच्या धुऱ्यानं चालली आणि सायकल सोडून नाल्यात उतरली. उभा जन्म काट्यापुढे बसून काढलेल्या कवडूला धाप लागली. बेशरमाच्या झुडपांत त्याची चप्पल तुटली. कुठून कुठे वळलो याचं त्याला भान राहिलं नाही. नजर तेवढी जिजाच्या पाठीवर होती.

नाल्याच्या काठावर टिनाचं उंच कुंपण होतं. घरचं दार उघडावं तसा तिनं एक पत्रा सरकवला, आत हात घातला आणि सायलेन्सर ओढून काढला. मागोमाग एक जाळी.

कवडू मनातून हरखला. दुकान वाचलं होतं. झुडपाआडूनच त्यानं फोन लावला.

"अनुप, सापडली. माझ्या डोळ्यादेखत चोरून राह्यली. लवकर ये."

"माल कोनाचा हाय?"

"असन कोनी झोपलेला. त्यालेच पह्यले उठवतो अन् तक्रार लिहाले लावतो."

"अरे, पन नाव काय त्याचं?"

"थांब, पाहून सांगतो."

कवडू दरडीवर चढला, टाचा उंचावून टिनावरून आत डोकावला. भंगाराच्या ढिगापलीकडे, घराच्या गच्चीवर, शोभाबाई त्याचा सदरा दोरीवर वाळत घालत होती.