नाव माहीत असलेलं इंजेक्शन

"साध्या गोळीने भागत नाही. मॉर्फिनच लागेल," खाटेवरची शिंपीणबाई म्हणाली, तशी सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली.

इंजेक्शनचं नाव, डोस, सगळं तोंडपाठ. महिन्यात ही दुसरी खेप. बीपी ठीक, ताप नाही. आणि दुखतंय म्हणणारी बाई खुशाल मोबाइलवर बोट फिरवतेय. कॅज्युअल्टीत वीस वर्षं काढलेल्या सिस्टरने अशा एका इंजेक्शनच्या नशेसाठी पोट धरून लोळणारे कैक पाहिले होते.

"सिकलसेल आहे मला. रक्त अडकतं, मग हाडं आतून पेटतात. कार्ड आहे पर्समध्ये."

"कार्ड काय, कुणीही करून आणतं. डॉक्टर येतील," सिस्टर म्हणाली आणि पडदा ओढून बाहेर पडली.

पण गेली नाही. माणूस एकटं असलं की सोंग गळून पडतं, हा तिचा अनुभव. चपलांचा आवाज न करता ती मागे फिरली आणि तिने फटीला डोळा लावला.

मोबाइल पालथा पडला होता. बाईने चादरीचा बोळा दातांत धरला होता. पाय लटलटत होते. मांडी तिने अशी आवळली होती की बोटांची नखं पांढरी पडली होती. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं. आवाज मात्र टाचणीएवढाही नाही.

सिस्टरने पडदा सरकवला. बोळा झटकन उशीखाली गेला. बाईने केस सारखे केले आणि दारात पाहुणे आल्यासारखी हसली.

"हे कशासाठी?"

"ओरडले तर नाटकी म्हणतात. गप्प राहिले तर दुखत नाही म्हणतात. मधलं काहीतरी जमवतेय."

सिस्टर तिथून निघाली ती डॉक्टरांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. कार्ड पाहिलं गेलं. छातीत दुखतं का, धाप लागते का, विचारून झालं. दहा मिनिटांत सलाइन चालू झालं, मॉर्फिनही गेलं. सिस्टरने स्वतः मांडीखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली.

अर्ध्या तासाने ती परत आली. मुद्दाम स्टूल ओढून बसली.

"आता किती दुखतंय? दहापैकी सांगा."

बाईने आधी सिस्टरचा चेहरा नीट निरखून पाहिला.

"किती सांगितलं," तिने विचारलं, "तर खरं वाटेल?"