कारल्याचा रस

डॉक्टर गंधालींनी ईसीजीची पट्टी दुसऱ्यांदा उजेडात धरली. प्रबुद्ध पलंगावर पडून होता, छातीला तारा तशाच लावलेल्या. गोवंडीच्या एका शाळेत तो पीटी शिकवायचा. सकाळी कवायत घेता घेता मैदानातच कोसळला, आणि बरोबरच्या शिक्षकांनी त्याला रिक्षात घालून घाटकोपरच्या या दवाखान्यात आणलं. आता तो नीट शुद्धीवर होता. घरी कधी सोडणार, एवढंच विचारत होता.

"सर, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"गॅसची घेतो, केमिस्टकडून. सकाळ-संध्याकाळ. बाकी काही नाही."

"झोपेची? डिप्रेशनची वगैरे?"

प्रबुद्ध हसला. "मॅडम, त्यातून मी गेलोय. आणि गोळीशिवाय बाहेर आलोय."

हे सांगायला त्याला आवडायचं. गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ मिथुन काविळीने गेला. त्यानंतर प्रबुद्ध अंथरुणातून उठेना. दाढी नाही, शाळा नाही, जेवणावर वासना नाही. मध्येच छाती धडधडायला लागायची, हातपाय गार पडायचे. बायको सपना त्याला कसंबसं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी गोळी लिहून दिली. बाहेर आल्या आल्या त्याने ती चिठ्ठी सपनाच्या हातात कोंबली. म्हणाला, मी वेडा नाही. मग सपनाने रोज सकाळी त्याला कारल्याचा रस द्यायला सुरुवात केली. दीड-दोन महिन्यांत तो उठला. मैदानावर गेला. शिट्टी फुंकली.

"कारल्याचा रस, मॅडम, आणि मनाचा निर्धार. मी सगळ्यांना सांगतो. रसाने जरा पोटात जळजळ होते, म्हणून ती गॅसची गोळी."

सपना बँकेतून तशीच धावत आली होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "सर, आपलं हृदय विजेवर चालतं. एक ठोका पडला की पुढच्यासाठी ते परत चार्ज होतं. तुमच्या हृदयाला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय. त्यात मध्येच ठोका पडला तर लय बिघडते, माणूस कोसळतो. काही औषधांनी हा वेळ वाढतो. तुमची गॅसची गोळी त्यातलीच. पण एकटीने एवढं होईल असं मला वाटत नाही. अजून काही पोटात जात असेल तर मला आत्ता कळायला हवं."

"नाही जात," प्रबुद्ध म्हणाला.

"जाते," सपना म्हणाली. "मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली डिप्रेशनची गोळी. मी कुटून रसात घालते. रोज."

प्रबुद्ध उठून बसू लागला तशी नर्सने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"न विचारता?" तो म्हणाला. "वर्षभर?"

"विचारलं होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात." सपनाचा आवाज चढला नाही. "मग एकदा गच्चीच्या कठड्यावर बसलेले दिसलात. पाय बाहेर सोडून. त्यानंतर मी विचारायचं सोडलं. कडूत कडू मिसळलं."

"आणि त्या डॉक्टरांना काय सांगायचीस?"

"शाळेतून सुट्टी मिळत नाही म्हणून तुम्ही आला नाहीत, असं. ते दर वेळी म्हणायचे, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या."

डॉक्टर गंधाली तिला म्हणाल्या, "माणसाला कळू न देता औषध द्यायचं नसतं, सपनाताई. आज हे जिवावर बेतलं असतं." मग प्रबुद्धकडे वळल्या. "गॅसची गोळी आजपासून बंद. दुसरी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. मी तुमच्या डॉक्टरांशी बोलते. हृदयाला सांभाळून घेईल अशी बदलून देता येईल. दोन दिवस इथे राहा. आणि यापुढे गोळी घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं."

डॉक्टर बाहेर गेल्या. नर्सही गेली. प्रबुद्धला आपले ते दिवस आठवले, नुसती कूस बदलायलाही दम लागायचा ते. मग शाळेतला तो पहिला दिवस आठवला. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, हे आपण केलं. आता सपनाचा राग यावा असं त्याला वाटत होतं. राग आलाही. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी हललं, आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

"फोन दे," तो म्हणाला.

सपना घाबरली. "काय झालं? छातीत होतंय का? डॉक्टरांना बोलावू?"

"नाही गं. सर्वेशला लावायचाय."

"कोण सर्वेश?"

"चित्रकला शिकवतो आमच्याकडे. बायको गेल्यापासून महिनाभर शाळेत आला नाही. परवा मी त्याच्या घरी गेलो होतो. उशाशी त्याच्या डिप्रेशनच्या गोळ्या होत्या. मीच उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, म्हटलं, कारल्याचा रस घे."

सपनाने नंबर शोधला आणि फोन त्याच्या कानाला धरला. रिंग वाजत राहिली. तुटली. तिने पुन्हा लावला. या वेळी पलीकडून अगदी बारीक आवाजात "हॅलो" आलं.

"सर्वेश, मी प्रबुद्ध," तो म्हणाला. "ऐक. मीपण गोळीनेच बरा झालो रे."