सैल फरशी

टक्.

दारातली फरशी वाजली आणि भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला. बाहेरच्या खोलीत चित्र रंगवत बसलेल्या चिऊने खडू तसेच टाकले, एक अक्षर न बोलता आतल्या खोलीत पळाली आणि पलंगाखाली शिरली. चार वर्षांच्या पोरीला आता सांगावं लागत नव्हतं. मायलेकींचा खेळच होता तो. टक् झालं की लपायचं.

उंबऱ्याच्या आतल्या चिंचोळ्या बोळातली ती एकच फरशी सैल होती. तिच्यावर पाय पडला की ती वाजायची, आणि नवरा स्वयंपाकघराच्या दारात दिसेपर्यंत जेमतेम श्वास घ्यायला वेळ मिळायचा. तेवढ्यात पोर नजरेआड, गॅस बारीक, चेहरा सरळ. तो कसा आलाय तेही आवाजावरून कळायचं. नुसतं टक् असलं तर ठीक. टाच आपटून वाजली, तर आपणच भिंतीपासून लांब सरकून घ्यायचं.

आज दोनदा टक् झालं. पाठोपाठ हसणं.

"ही बघा आमची बोंबलणारी फरशी," नवरा कुणाला तरी सांगत होता. "अगं, पाणी आण. फरशीवाले आलेत."

तिने बाही मनगटापर्यंत ओढली आणि पाणी घेऊन गेली.

फरशीवाल्याने नमुने भिंतीला टेकवून ठेवले होते. जागा ती केवढी. दोघं उभे राहिले की तिसऱ्याने बाहेर थांबायचं.

"चकचकीत काही घालू नका साहेब, ओले पाय आले की कंबर धरून बसाल. ही खडबडीत टाइल घ्या, नाहीतर हे व्हिनाइल, प्लास्टिकचं शीट. दोन्ही परवडतं. टाइल जास्त टिकेल, पण जुनं उखडावं लागेल. व्हिनाइल आहे त्याच्यावरच चिकटवतो, आत्ता बसवून मोकळा होतो. पाय टाकलेला कळायचासुद्धा नाही."

"टाइलच घेऊ," ती म्हणाली. जरा घाईनेच.

नवऱ्याने मान वळवली. "का गं?"

"टिकते ना. चिखल येतो, वाळू येते..."

"ताईंचं बरोबर आहे," फरशीवाला म्हणाला. "फक्त चपला वाजतात तिच्यावर."

"वाजू देत की."

"वाजू देत?" नवरा हसला. "लोक घरात शांतता मागतात, हिला वाजायला हवं. एखाद्या बँडवाल्याशी लग्न करायचं होतंस."

फरशीवालाही हसला. तिनेही हसून घेतलं.

"व्हिनाइल टाका हो," नवरा म्हणाला. "पण आधी ही सैल बया गप्प करा. मी दोनदा बसवली, स्वतःच्या हाताने. थोडे दिवस गेले की पुन्हा आपलं टक् टक्. माझ्या हाताला गुणच नाही."

फरशीवाल्याने थापीचं टोक फटीत घालून फरशी उचलली. खालचं सिमेंट पोखरलेलं होतं. त्यात एकाला लागून एक, बाकदार खोबणी.

"अरेच्चा," तो म्हणाला. "हे तर उकरलंय कुणीतरी."

ओट्याच्या खणात एक चमचा होता, टोकाला झिजलेला. तिने तिकडे बघितलं नाही.

"मुंग्या," ती म्हणाली. "मुंग्या झाल्या होत्या तिथे. रोज रेती काढायच्या."

फरशीवाल्याने त्या खोबणींकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "असतील," तो म्हणाला. "माल कच्चा राहिला की होतं असं." आणि खाली मान घालून सिमेंट कालवायला लागला.

नवरा उकिडवा बसला. एका खोबणीत बोट घालून त्याने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं.

"चांगल्या मोठ्या मुंग्या आहेत आपल्याकडे," तो म्हणाला. अगदी हळू.

मग काम संपेपर्यंत तो गप्पा मारत राहिला. शीटचं टोक धरून दिलं, विनोद केले. ती अधूनमधून आतल्या खोलीकडे बघत होती. पलंगाची चादर जमिनीपर्यंत लोंबत होती, हलत नव्हती.

"आणखी चहा टाकू?" तिने फरशीवाल्याला विचारलं. त्याच्या हातातला कप अजून अर्धा भरलेला होता.

"नको ताई. निघतो आता." त्याने थापी पुसली, उरलेला तुकडा गुंडाळला. दारात जरा रेंगाळला, काही बोलेल असं तिला वाटलं. "दोन दिवस पाणी लागू देऊ नका," एवढंच म्हणाला.

नवरा त्याला खालपर्यंत सोडायला गेला. दार उघडंच होतं. ती ओट्यापाशी परत आली, सुरी हातात घेतली आणि कान दाराकडे लावून उभी राहिली. जिन्यातले आवाज कमी कमी होत गेले. मग काहीच नाही. नळ ठिबकत होता, तो तिने घट्ट बंद केला. तरीही काहीच नाही.

"बघ," मागून आवाज आला. "मांजर आल्यासारखं."

ती गर्रकन वळली. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, बूट न काढता.

टक् ऐकू आलं नाही, म्हणून बाबा अजून खालीच आहेत असं चिऊला वाटलं असावं. ती पलंगाखालून निघाली, गुडघे झटकले आणि सरळ दारापाशी गेली. ओट्यापाशी उभ्या असलेल्या तिला नवऱ्याच्या खांद्यावरून पोर दिसत होती. चिऊने नव्या शीटवर पाय ठेवला. दाबला. मग टाच आपटून पाहिली. मग दोन्ही पायांनी उडी मारली.

नवऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. तो बायकोकडेच बघत होता.

"आई," चिऊ खाली बघतच म्हणाली, "ही वाजतच नाही गं. मग आता आपण लपायचं कधी?"