वाचून कायम

"मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवू?" लेखनिकबाईंनी विचारलं.

"वाचलं असं समजा हो." अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं. "आज एकच विषय आहे. शाळा बंद करण्याचा."

शाळा खालच्या मजल्यावर होती. ऐकू न येणारी एकतीस मुलं तिथे हातांच्या खुणांनी बोलायला शिकत. विश्वस्तांची खोली वर होती आणि तिचा जिना मागच्या अंगाला. वर्गाचं दारही न बघता वर येता येई, तसंच खाली जाता येई.

बाईंनी घसा खाकरला. तीनदा विचारायचं, असं त्या घरून निघतानाच ठरवून आल्या होत्या. "दोनच पानं आहेत, साहेब."

"तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, बाई, मान्य. त्याचं प्रदर्शन पुन्हा कधीतरी."

डॉक्टरीणबाई हसल्या. कारखानदारांनी मोबाइलमधून डोकं वर न काढताच हसून घेतलं.

"शेवटी आयत्या वेळचा एक विषय आहे. तेवढा तरी?"

"आयत्या वेळच्या विषयाला आम्ही नेहमी 'अनुमोदन, मंजूर' म्हणत जिन्यात असतो," वकीलसाहेब म्हणाले. "आणा इकडे."

पाचही विश्वस्तांनी सही करायची, अशी इथली पद्धत. चार सह्या मिनिटभरात झाल्या. पाचवे आजोबा मात्र ओळीवरून बोट फिरवत बसले. ते निवृत्त चित्रकला शिक्षक, कानांनी अधू. दर सोमवारी ते खाली मुलांमध्ये बसत. आजोबा हे नाव मुलांनीच दिलेलं.

"आजोबा, परीक्षा आहे का उद्या?" वकीलसाहेबांनी मोठ्यानं विचारलं.

"अं? हो, हो," म्हणत आजोबांनी सही केली.

अध्यक्षांनी चहाचा कप समोरच्या लाल वहीवर ठेवला. ती शाळेच्या दारातली वही. वर्गात येणारा प्रत्येक जण तीत तारीख घालून नाव लिही. आज बाईंनी ती वर आणली होती.

"साहेब, डाग पडेल."

"पडू दे. आता कोण लिहिणार आहे तीत?" अध्यक्ष म्हणाले. "तर, मुलं पलीकडच्या मोठ्या शाळेत जातील. किती आहेत? पंधरा?"

"एकतीस. आणि तिथे खुणांची भाषा कुणालाच येत नाही."

"मुलं रुळतात हो लवकर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजोबांनी बहुधा ओठांवरून ओळखलं असावं. "परवा खालच्या वर्गातल्या धाकटीनं स्वतःचं नाव खुणेनं सांगितलं," ते म्हणाले. "सात वर्षांची आहे. इतकी वर्षं तिला ते कुणाला सांगताच आलं नव्हतं. तिथे ती कुणाला सांगणार?"

खालून बाक सरकल्याचा आवाज आला.

"भावना समजतात, आजोबा," अध्यक्ष म्हणाले. "मतं घेऊ. शाळा बंद करावी, असं कुणाकुणाला वाटतं?"

चार हात वर झाले.

"विरोधात?"

आजोबांचा हात सावकाश वर गेला.

"लिहा, बाई. चार विरुद्ध एक. मंजूर."

बाईंचं पेन कागदाला टेकलं नाही.

"थांबलात काय? लिहा की!"

बाईंनी इतिवृत्ताचं मागचं पान उलटलं. या वेळी त्यांनी विचारलं नाही, सरळ वाचायला सुरुवात केली.

"'आयत्या वेळचा विषय. जो विश्वस्त मागच्या वर्षभरात एकदाही वर्गात येऊन बसला नसेल, तो हे इतिवृत्त कायम होताच विश्वस्त राहणार नाही. दारातली वही हाच पुरावा. सूचक, चित्रकला शिक्षक. अनुमोदक, वकीलसाहेब. एकमतानं मंजूर.'"

वकीलसाहेबांनी इतिवृत्त हिसकावून घेतलं. 'वाचून कायम' या शब्दांखाली त्यांच्या सहीची शाई अजून नीट वाळलेली नव्हती.

अध्यक्षांनी कप उचलला आणि लाल वही उघडली. एक पान उलटलं, मग दुसरं, मग भराभर सगळीच. पालकांच्या नावांमधून दर सोमवारी विश्वस्तांपैकी एकच नाव डोकावत होतं.

बाईंनी आता पेन कागदाला टेकवलं. मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'शाळा बंद करण्याचा ठराव शून्य विरुद्ध एक मतानं नामंजूर.'