चुलीखालचं बाळ

"मशीन थांबव, ब्रश आण," श्रीपादराव खड्ड्यातून ओरडले. समर्थनं जेसीबी केव्हाच बंद केला होता, पण बोलल्याशिवाय राहतील तर ते श्रीपादराव कसले.

कऱ्हाटीतलं जुनं घर पाडून समर्थ नवं बांधायला निघाला होता. चुलीच्या जागी दोन रांजण निघाले, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आत तान्ह्या बाळाची हाडं. त्यानं बारामतीहून या निवृत्त प्राध्यापकांना बोलावलं.

"साडेतीन हजार वर्षं," रांजणावरची काळी नक्षी बघून ते म्हणाले. "हडप्पा मोडल्यावर तिकडची माणसं इकडं सरकली. तान्हं मूल गेलं की असंच घरात पुरायची. तुमची चूल नेमकी त्यांच्या घरावर आली."

समर्थची आत्या सारजा, जन्मभर माहेरीच राहिलेली, खड्ड्याच्या कडेला बसून होती.

"माती लोटा, सर. तिला हितंच ऱ्हाऊ द्या."

"एवढ्याशा हाडांवरून मुलगा की मुलगी कळत नाही, बाई."

"मला वळखलं न्हाय व्हय? तीस वर्सांमागं पलीकडच्या टेकाडावर तुमी खोदलं. सांजचं खापरं धुवायला मागं थांबायची, ती मी."

"चाळीस बायका होत्या. कोणाकोणाला लक्षात ठेवू?"

चोरी मात्र त्यांच्या लक्षात होती. त्या खोदकामातली अशीच एक जोडी वर्षभरानं गोदामातून गेली होती, ती काही सापडली नाही. आज नशिबानं भरपाई केली, असं त्यांना वाटलं.

हडप्पाचे लोक वेगळे, वेदांचे वेगळे, हे ते उभा जन्म सांगत आले होते. बरोबरीचे प्राध्यापक हसायचे. आता या बाळाच्या डीएनएनं सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

त्यासाठी कानामागचं हाड लागतं. ते त्यांनी तिथंच, सारजाच्या डोळ्यांसमोर कापून काढलं. कवटी दुभंगली. सारजानं पदर तोंडात कोंबला.

"हे तुमच्या पूर्वजांचं," ते म्हणाले. "आमच्या रक्ताचा थेंबसुद्धा यात सापडायचा नाही. तेच तर दाखवायचंय."

"आन् सापडला तर?"

"तर परत आणून माझ्या हातानं पुरीन."

"बोललात हां, सर."

प्रयोगशाळेनं श्रीपादरावांचीही लाळ मागवली. हाताळणाऱ्याचा डीएनए हाडात मिसळला, तर ओळखता यावा म्हणून तशी पद्धतच असते.

दोन महिन्यांनी बारामतीत सभा भरली. बाळ काचेच्या पेटीत होतं. पत्रकार होते, हसणारे प्राध्यापकही मुद्दाम बोलावलेले होते. जागामालकाच्या घरची म्हणून सारजा पहिल्या रांगेत बसली होती, पेटीवरून नजर न हलवता.

भाषण रंगात आलं असताना प्रयोगशाळेतल्या श्रियाचा फोन आला. श्रीपादरावांनी तो माइकजवळ धरला आणि स्पीकर लावला.

"सर, जरा एकट्यानं बोलता येईल का?"

"लपवायचंय काय त्यात? सगळे ऐकताहेत. सांगा."

श्रियानं अहवाल वाचायला घेतला.

"मुलगी आहे, सर. तुमचा हात लागला असेल म्हणून तीनदा तपासलं. तसं काही नाही. तिच्यात निम्मं रक्त तुमचं आहे, बापाचं असतं तेवढं."