चेकआउटची तारीख

नेल्सन वसईचा. दुबईत, देरामधल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. मॉरिशसची मराठी मुलगी वसंती त्याच्या चांगल्या ओळखीची झाली होती. एवढ्याशा देशाकडून ती एकटीच चार वर्षं दर जानेवारीत बॅडमिंटनच्या स्पर्धेला यायची आणि सोमवारी पहिलाच सामना हरायची. नेल्सन विचारायचा, "खलास?" ती मान हलवायची. मग तो तिचं परतीचं तिकीट त्याच रात्रीचं करून द्यायचा.

पाचव्या वर्षी त्याला तिची दया आली. हरून आलेल्या पोरीला ताटकळत कशाला ठेवायचं? ती खेळायला गेल्या गेल्या त्याने विमानात सीट धरली, तिची बॅग खाली आणवली आणि खोली एका इजिप्शियन कोचला देऊन टाकली.

संध्याकाळी वसंती घामाने निथळत आत आली. लॉबीत आपलीच बॅग बघून थबकली.

"खलास?" नेल्सनने मायेने विचारलं.

"नाही, अंकल. जिंकले."

"देवा रे!" नेल्सनला कुठे तोंड लपवू असं झालं. "थांब, दुसरी रूम देतो. चेकआउट कधीचा लिहू? उद्याचा?"

"मी लिहिलाय की. दर वर्षी लिहिते."

नेल्सनने तिची पाचही वर्षांची चेक-इन कार्डं काढली. प्रत्येकावर चेकआउटच्या रकान्यात, त्याने मारलेल्या लाल फुलीखाली तिच्या अक्षरात एकच वार होता, शनिवार.

फायनल शुक्रवारी असायची.